बेळगावात क्वांटमचा अभ्यासवर्ग सुरू करूया का? एम.एस्सी. आणि पीएच.डी.वाल्यांसाठी

मलप्रभाकाठ | रविवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातली. पीएच.डी.चं तिसरं वर्ष चालू आहे, विषय क्वांटम इन्फर्मेशन, म्हणजे अणू आणि प्रकाशकण ज्या नियमांनी वागतात ते वापरून माहिती साठवणं आणि पाठवणं. गेल्या महिन्यात बंगळूरला दोन आठवड्यांच्या एका स्कूलला जाऊन आले. स्कूल म्हणजे शाळा नव्हे. संशोधक विद्यार्थ्यांना एके ठिकाणी राहायला बोलावतात, सकाळी फळ्यावर दीड-दीड तासाची दोन व्याख्यानं, दुपारी गणितं सोडवायचा तास, जेवण सगळ्यांचं एकत्र.

पहिल्याच सकाळी सरांनी फळ्यावर डेन्सिटी मॅट्रिक्स (कणाची अवस्था मांडणारा आकड्यांचा तक्ता) लिहिला, दोन ओळींत पार्शल ट्रेस (जोडीतला एक कण वगळायचं गणित) काढला आणि पुढे गेले. माझ्या एम.एस्सी.त हायड्रोजनचा अणू झाला, पर्टर्बेशन झालं, स्कॅटरिंग झालं. दोन कणांच्या जोडीतला एक कण बाजूला ठेवून दुसऱ्याबद्दल काय सांगता येतं, हे मात्र कुणी कधी शिकवलं नाही. तीन दिवस मी वहीत नुसतं उतरवून घेत होते. हात वर करायचं धाडस झालं नाही.

चौथ्या दिवशी दुपारच्या तासाला ओडिशाचा एक मुलगा शेजारी बसला होता. तो हळूच म्हणाला, "मलापण हे येत नाही." मागच्या बाकावरच्या दोघी वळल्या. त्यांनाही येत नव्हतं. त्या रात्री जेवण झाल्यावर आम्ही पाच जण व्हरांड्यातल्या छोट्या फळ्यापाशी बसलो आणि साडेबारापर्यंत टेलिपोर्टेशनचं, म्हणजे एका कणाची अवस्था लांबच्या दुसऱ्या कणावर उतरवायचं, गणित पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत सोडवलं. तीन वर्षं मी ज्या शब्दांच्या कडेकडेनं फिरत होते ते त्या रात्री माझे झाले. दुसऱ्या दिवशी मी प्रश्न विचारला. साधाच होता, पण विचारला.

परत येताना रात्रभर गाडीत एकच विचार. आपल्या भागातून या विषयाकडे गेलेली मुलं आहेत. एखादा धारवाडला, एखादी कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात, कुणी गोव्यात, कुणी इथेच राणी चन्नम्मा विद्यापीठात, कुणी व्हीटीयू या तंत्रविद्यापीठाखालच्या इंजिनिअरिंग कॉलेजात. प्रत्येक जण आपापल्या विभागात एकटा. आणि सुट्टीला सगळे याच भागात परततात. महिन्यातून एका रविवारी बेळगावात पंधरा जण बसलो तर? एक फळा, खडू आणि त्या महिन्याची तीन गणितं. व्याख्यान नको.

नको का म्हणते तेही सांगते. दोन वर्षांपूर्वी एका दोन दिवसांच्या राष्ट्रीय कार्यशाळेला फी भरून गेले होते. नाव सांगत नाही. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ आणि मनोगतं झाली. मग एकांनी पडद्यावर नव्वद चित्रं भराभर दाखवली. दुसऱ्या दिवशी प्रमाणपत्रं. गणित एकही नाही. येताना एसटीत मला रडू आलं, कारण ती फी वडिलांनी काजूच्या पैशातून दिली होती.

कुणी येणार असेल तर लिहा. जागा, दिवस, काय करायचं, सगळंच ठरवायचं आहे.

संकेश्वर_पेठ | रविवार, रात्री १०.२५

ताई, तुमची तळमळ कळते. तरी एक स्पष्ट विचारतो. मी कॉम्प्युटर सायन्सचा, पीएच.डी. पहिलं वर्ष. मला या विषयातलं जे काही आलं ते सगळं घरी बसून आलं. एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर कोर्स आहेत. बंगळूरच्या आयसीटीएस या संशोधन केंद्राच्या कार्यक्रमांतली व्याख्यानं त्यांच्या यूट्यूब चॅनलवर फुकट बघायला मिळतात. आयबीएमनं मे २०१६ मध्ये पाच क्युबिटचं (क्युबिट म्हणजे ० आणि १ च्या बेरजेतही राहू शकणारा क्वांटम बिट) यंत्र सगळ्यांसाठी इंटरनेटवर खुलं केलं, तेव्हापासून खऱ्या क्वांटम यंत्रावर प्रोग्रॅम चालवायला संकेश्वरातला मुलगाही मोकळा आहे. मी चालवलेत. मग बसनं दीड तास जाऊन पंधरा जणांनी बसायचं कशाला? त्या वेळात दोन व्याख्यानं ऐकून होतात. आणि शिकवणारं कोण? आपणच शिकाऊ.

मलप्रभाकाठ | रविवार, रात्री ११.०५

दादा, विचारलंत ते बरं केलंत, हा प्रश्न मलाही पडला होता.

स्कूलला जायच्या आधी मी बावीस व्याख्यानं बघितली होती. प्रत्येक वेळी कळलं असं वाटायचं. तिथे पहिलं गणित हातात आलं तेव्हा पेन उचलता येईना. व्हिडिओतले सर थांबत नाहीत. मी चुकले तर त्यांना दिसत नाही. आणि मुख्य म्हणजे, मला येत नाही हे मलाच कळत नाही. ते फळ्यापाशी उभं राहिल्यावर कळतं.

शिकवणारं कोण, तर तुम्ही. तुम्हाला सर्किट आणि अल्गोरिदम येतात, ते मला अजून कच्चे आहेत. मला हिल्बर्ट स्पेस, म्हणजे क्वांटम अवस्था मांडायचं गणित, आणि मापन येतं. तुमच्याकडे ते किती शिकवतात? या विषयात भौतिकीवाल्याकडे अर्धं असतं आणि कॉम्प्युटरवाल्याकडे अर्धं. गणितवाला आला तर दोघांच्या चुका काढेल.

टिळकवाडी_तिसरं_गेट | सोमवार, सकाळी ६.५०

मी निवृत्त प्राध्यापक. पीयूसी (अकरावी-बारावी) आणि बी.एस्सी.ला भौतिकी शिकवत होतो. मुलीचं लिहिणं वाचून सकाळचं फिरायला जायचं राहिलं.

एक गोष्ट सांगतो. डिसेंबर १९८४ मध्ये बंगळूरला एक आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती, विषय संगणक, प्रणाली आणि सिग्नल प्रक्रिया. तिथे चार्ल्स बेनेट आणि जिल ब्रासार यांचा एक निबंध सादर झाला. प्रकाशाचे एकेक कण पाठवून दोन माणसांनी गुप्त किल्ली कशी ठरवायची आणि मध्ये कुणी चोरून वाचलं तर ते कसं उघडं पडतं, हे त्यात होतं. आज जगभर त्या पद्धतीला बीबी-८४ म्हणतात. क्वांटम क्रिप्टोग्राफीचा पायाच तो. आपल्या राज्याच्या राजधानीत तो वाचला गेला त्या डिसेंबरात मी बेळगावात मुलांना पोलरायझेशन, म्हणजे प्रकाशाच्या कंपनाची दिशा, शिकवत होतो. तोच धडा. मला त्याचा पत्ता लागला निवृत्तीनंतर. तेव्हा इथे चार जण एकत्र बसून वाचणारे असते तर मी वीस वर्षं मुलांना काय काय दाखवलं असतं, हे मनातून जात नाही.

हा धडा कागद आणि नाण्यांवर करता येतो. मी नातवंडांबरोबर केलाय. आक्का पाठवणार, बाळू घेणार. आक्का दोनदा नाणं उडवते. पहिल्या नाण्यावरून अंक ठरतो, ० की १. दुसऱ्यावरून चौकट ठरते, उभी-आडवी की तिरकी. बाळू नाणं उडवून आपली चौकट निवडतो. चौकट जुळली तर त्याला आक्काचाच अंक मिळतो. जुळली नाही तर पुन्हा नाणं उडवायचं, येईल तो अंक त्याचा. शेवटी दोघं फक्त चौकटी जाहीर करतात आणि जुळल्या तेवढ्याच जागा ठेवतात. साधारण निम्म्या उरतात. आता मध्ये तिसरा बसवा. त्यालाही चौकट नाण्यानंच निवडावी लागते, कारण आक्काची चौकट त्याला माहीत नाही. अंक वाचून तो आपल्याच चौकटीत पुढे बाळूकडे पाठवतो. निम्म्या वेळा तो चुकतो आणि चुकला की पुढचा अंक बिघडायची शक्यता निम्मी. म्हणजे राखलेल्या जागांत सरासरी चौथा हिस्सा चुका. आक्का-बाळूनं असे वीस अंक उघड करून ताडून बघितले, तर तिसरा सापडणारच नाही याची शक्यता शेकडा एकाच्या तिसऱ्या भागाइतकीसुद्धा नाही. पाऊण गुणिले पाऊण असं वीस वेळा करून बघा.

संकेश्वरच्या मुला, कुस्ती बघून पैलवान होत नाही कुणी. तालमीत उतरून अंगाला माती लागावी लागते. जागेची काळजी करू नका. माझ्या ओळखीच्या एका शाळेत रविवारी वर्ग मोकळा असतो आणि फळा मोठा आहे. मी येतो. शिकायला येतो.

निपाणीची_लेक | सोमवार, दुपारी १.१५

मी निपाणीची, कोल्हापूरला एम.एस्सी. पहिलं वर्ष. मला यायचंच आहे, खरं काही अडचणी आहेत त्या आधीच सांगते.

संध्याकाळी सहाच्या आत मला बस धरता आली पाहिजे. आईची तेवढीच अट आहे. निपाणी-बेळगाव भाड्याचा प्रश्न नाही, शक्ती योजनेमुळे राज्यातल्या साध्या सरकारी बसला आम्हा बायकांना तिकिटाचे पैसे लागत नाहीत. आधार कार्ड दाखवलं की झालं. पण कोल्हापूरच्या होस्टेलवरून थेट यायचं तर सीमा ओलांडून यायचं, त्याचे पैसे पडतात. म्हणून महिन्यातला असा रविवार धरा ज्याला जोडून सुट्टी असेल, म्हणजे मी घरी आलेली असेन.

दुसरं भाषेचं. मी एसएसएलसीपर्यंत, म्हणजे दहावीपर्यंत, मराठी माध्यमात होते. पीयूसीला एकदम इंग्रजी आलं. दोन वर्षं मी अर्थ न कळता पाठ केलं, हे आज पहिल्यांदा लिहायलेय. अजूनही इंग्रजीत प्रश्न विचारायचा म्हटलं की आधी मनात वाक्य जुळवते आणि तोवर सर पुढे गेलेले असतात. अभ्यासवर्गात मराठीत विचारलं तर चालेल का?

तिसरं, ताई प्रमाणपत्र नको म्हणतात ते पटलं. खरं आमच्या विभागात कुठे गेलो त्याचा कागद दिल्याशिवाय सोडत नाहीत. शनिवारी कधी काही असलं तर तो लागेल.

टिळकवाडी_तिसरं_गेट | सोमवार, दुपारी ३.३०

बाळा, कागद मी लिहून देतो. अमुक तारखेला अमुक वेळ हजर होती, अमुक गणित सोडवलं, खाली माझी सही. रंगीत प्रमाणपत्रापेक्षा त्यात जास्त लिहिलेलं असेल.

मलप्रभाकाठ | सोमवार, रात्री ८.१०

मराठीत विचारा, मराठीतच सांगू. माझी रामदुर्गची मैत्रीण कन्नड बोलते, ती येणार आहे. तिच्यासाठी कन्नडात सांगू, तेवढं मला येतं. चिन्हं सगळ्यांची एकच आहेत. आपल्या भागात घराघरात दोन भाषा चालतात, तशा फळ्यापाशीही चालतील.

वेळ १० ते ४.३०. सहाच्या आत सगळे बसमध्ये.

उद्यमबाग | सोमवार, रात्री ९.२०

मी कारखान्यात सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारी यंत्रं, आणि मोजमाप बघतो, शिक्षण इलेक्ट्रॉनिक्सचं. विद्यार्थी नाही, तरी येऊ द्याल का? विषय वाचत असतो.

येताना एक वस्तू आणतो. मोबाईल दुरुस्तीवाल्यांकडे डिस्प्लेला लावायची पोलरायझर फिल्म मिळते. तिचे तीन तुकडे. दोन एकमेकांवर आडवे-उभे धरले की पलीकडचं काही दिसत नाही, पूर्ण काळोख. आता त्या दोघांच्या मध्ये तिसरा तुकडा ४५ अंशात सरकवायचा. उजेड येतो! अडथळा वाढवला आणि उजेड आला. पहिल्या तुकड्यातून जेवढा बाहेर पडला त्याचा चौथा हिस्सा, निदान कागदावर. माझ्या मुलीला दाखवलं तर ती तासभर तुकडे फिरवत बसली होती. सरांच्या तिरक्या चौकटीचं मर्म यातच आहे असं मला वाटतं. तिरक्या चौकटीत मोजलं की आधीचं उभं-आडवं पुसून जातं.

एक शंका. एन्टँगलमेंटला, म्हणजे दोन कणांची अवस्था एकच होऊन बसते त्याला, मराठीत काय म्हणायचं? मी एके ठिकाणी "गुंता" वाचलं.

मलप्रभाकाठ | सोमवार, रात्री ९.५५

या की दादा, फिल्म घेऊन या.

"गुंता" मला पटत नाही. गुंता म्हटलं की काहीतरी बिघडलंय आणि सोडवायचंय असं वाटतं. इथे तर ती कमावलेली गोष्ट आहे, प्रयोगशाळेत जपून ठेवतात. "गुंफण" जवळचं वाटतं.

टिळकवाडी_तिसरं_गेट | मंगळवार, सकाळी ६.३०

गुंफणीत फुलं आधी वेगवेगळी असतात आणि गुंफल्यावरही प्रत्येक फूल ओळखू येतं. इथे जोडीची अवस्था पक्की ठाऊक असते आणि एकेकाची मात्र काहीच ठाऊक नसते. हे कुठल्याच धाग्यात होत नाही. क्वांटम मेकॅनिक्सला पुंजयामिकी आणि सुपरपोझिशनला (दोन अवस्थांच्या बेरजेला) अध्यारोपण हे शब्द परिभाषेत आहेत, मी वर्गात वापरत असे. एन्टँगलमेंटला तूर्त एन्टँगलमेंटच म्हणा. हाताशी रुळलं की शब्द आपोआप सापडेल.

येळ्ळूरगड | मंगळवार, रात्री १०.४०

मी येळ्ळूरचा, सध्या बंगळूरला पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरचा संशोधक. धागा वाचून राहवलं नाही. दोन-तीन गोष्टी अनुभवाच्या.

मोठ्या स्कूलना जायला आपली मुलं अर्जच करत नाहीत. "आपल्याला कोण घेणार" म्हणून. घेतात. आयसीटीएसच्या संकेतस्थळावर कार्यक्रम काही महिने आधी लागतात. अर्जात शिक्षण, का यायचंय याचा एक परिच्छेद आणि गाईडचं शिफारसपत्र. निवड झाली की राहणं-जेवण बहुतेक वेळा तेच बघतात. प्रयागराजच्या हरिश्चंद्र संशोधन संस्थेत क्वांटम इन्फर्मेशनचा मोठा गट आहे, तिथे तरुण संशोधकांच्या बैठका भरत आल्या आहेत. पुण्याला आयसर या विज्ञान संस्थेमध्ये क्वांटम तंत्रज्ञानाचं आय-हब आहे, ते आपल्याला बंगळूरपेक्षा जवळ. तिन्ही विज्ञान अकादम्या मिळून उन्हाळ्यात दोन महिन्यांची संशोधन फेलोशिप देतात, विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांनाही. त्याच अकादम्या लहान गावातल्या कॉलेजांत व्याख्यान-कार्यशाळाही घडवतात, कॉलेजनं प्रस्ताव पाठवायचा. सर, हे तुमच्या ओळखीतल्या प्राध्यापकांच्या कानावर घाला.

अर्जातल्या त्या परिच्छेदात "मला क्वांटमची लहानपणापासून आवड" असं लिहू नका. तुम्ही कुठल्या गणितात अडलात ते लिहा. मी दोनदा असे अर्ज वाचायच्या कामात होतो. "पार्शल ट्रेस काढल्यावर शुद्ध अवस्था मिश्र का होते ते मला कळत नाही, म्हणून यायचंय" असं लिहिणारा मुलगा लगेच नजरेत भरतो.

केंद्रानं एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केलं, ६००३.६५ कोटींचं, २०३०-३१ पर्यंतचं. चार केंद्रं झाली. कॉम्प्युटिंग बंगळूरच्या आयआयएससीत, कम्युनिकेशन आयआयटी मद्रासला, सेन्सिंग आयआयटी मुंबईला, मटेरियल आणि उपकरणं आयआयटी दिल्लीला. माणसं लागणार आहेत. पण मी बेळगावच्या मुलांना नोकरीच्या आशेवर या विषयात ओढणार नाही. विषय अवघड आहे, आवड असेल तरच टिकाल.

आणि वर्ग लहान ठेवण्याबद्दल. फ्रान्समध्ये आल्प्सच्या कुशीतल्या लेज उश या खेड्यात सेसिल डविट-मोरेट यांनी १९५१ मध्ये उन्हाळी स्कूल सुरू केलं. तेव्हा त्यांच्या देशातल्या विद्यापीठांत आधुनिक पुंजयामिकी धड शिकवत नव्हते. विद्यापीठं सुधारायची वाट त्यांनी बघितली नाही, डोंगरात विद्यार्थी गोळा केले. त्या बाकांवर बसलेल्यांपैकी काहींना पुढे नोबेल मिळालं. ते स्कूल अजून चालू आहे. त्या डोंगराचं वर्णन ऐकलं की मला आपलं जांबोटी आठवतं.

संकेश्वर_पेठ | मंगळवार, रात्री ११.३०

काल रात्री सरांचा नाण्याचा खेळ बहिणीबरोबर केला. ३२ वेळा. चौकटी १७ ठिकाणी जुळल्या. वडिलांना मध्ये बसवलं तेव्हा राखलेल्या जागांत चुका निघाल्या आणि वडिलांनी विचारलं, "मी त्याच्या चिठ्ठीची आधी नक्कल काढून ठेवली आणि चौकट कळल्यावर बघितली तर?" मला उत्तर माहीत होतं, नो-क्लोनिंग थिअरम: अनोळखी क्वांटम अवस्थेची हुबेहूब नक्कल निघत नाही. पण तो नक्कल का काढू देत नाही ते मला सांगता येईना. पाच वर्षं हा शब्द वापरतोय.

मी येतो. ग्रोव्हरचं, म्हणजे यादीतली एक नोंद कमी पायऱ्यांत शोधायचं, सर्किट मी सांगेन. मला नो-क्लोनिंगची सिद्धता कुणीतरी फळ्यावर करून दाखवा.

कारवार_किनारा | बुधवार, सकाळी ७.४५

कारवारहून दर महिन्याला जमणार नाही, घाट आणि पाऊस. गणितं आधी इथे टाकाल का? मी सोडवून फोटो पाठवीन. चुकलं तर चुकलं म्हणा.

भालकीकर | बुधवार, सकाळी ९.१०

बिदर जिल्ह्यातून तर मी बेळगावला पोचेपर्यंत रविवार संपेल. कारवारच्या मित्रासारखंच माझंही. आमच्याकडे दोघं-तिघं आहेत, तीच गणितं घेऊन आम्ही भालकीत त्याच वेळी बसू.

मलप्रभाकाठ | बुधवार, रात्री ९.३०

ठरलं. महिन्याचा येणारा चौथा रविवार, सकाळी १०. जागा सरांच्या ओळखीची शाळा, पत्ता येणाऱ्यांना वैयक्तिक कळवते. डबा आपापला, चहा दुकानातून. फी नाही, उद्घाटन नाही.

पहिल्या वेळची गणितं:

पहिलं, नो-क्लोनिंग. समजा नक्कल काढणारं यंत्र आहे, ते ० चे ०० करतं आणि १ चे ११. त्याला ० आणि १ ची सारखी बेरीज दिली तर काय बाहेर येईल ते रेषीयतेवरून (बेरजेचं उत्तर म्हणजे वेगवेगळ्या उत्तरांची बेरीज) लिहा. खरी नक्कल कशी दिसायला हवी होती तेही लिहा. दोन्ही ताडा.

दुसरं, टेलिपोर्टेशन. अनोळखी क्युबिट आणि एक बेल जोडी (पूर्ण एन्टँगल झालेले दोन क्युबिट) मिळून चार पदांची ओळ होते. पहिले दोन क्युबिट चार बेल अवस्थांत मांडून ती ओळ पुन्हा लिहा.

तिसरं, बेल जोडीतला एक क्युबिट काढून टाका आणि उरलेल्याचा डेन्सिटी मॅट्रिक्स काढा.

मलप्रभाकाठ | रविवार, रात्री ८.५०

आज झालं. तेरा जण आले. आठ भौतिकीचे, तीन कॉम्प्युटरचे, उद्यमबागचे दादा आणि सर. पाऊस होता, दोघं भिजून आले.

सुरुवात फिल्मनं झाली. तीन तुकडे हातोहात फिरले आणि अर्धा तास कुणी दुसरं काही करेना. रामदुर्गची मैत्रीण तिसरा तुकडा फिरवत कन्नडात हिशोब मांडत होती आणि संकेश्वरचे दादा तो मराठीत फळ्यावर उतरवत होते. मग नाणी. ४० फेऱ्या, चोर नसताना चौकटी २१ ठिकाणी जुळल्या, चूक शून्य. चोर बसवून पुन्हा ४०, जुळल्या १९, चुका ६.

नो-क्लोनिंग उद्यमबागच्या दादांनी केलं. त्यांनी पहिल्या दोन ओळी लिहिल्या आणि तिसऱ्या ओळीला थांबून म्हणाले, "हे तर आमच्या यंत्रासारखंच झालं, उभ्या पट्टीला बसवलेला साचा तिरक्या पट्टीला चालत नाही." यंत्रातून बाहेर आली ००+११, हवी होती ००+०१+१०+११. चार ओळींत संपलं. हे १९८२ मध्ये वुटर्स आणि झुरेक यांनी आणि वेगळेपणानं डीक्स यांनी मांडलं, त्याआधी १९७० मध्ये पार्क यांनी लिहून ठेवलं होतं पण कुणाचं फारसं लक्ष गेलं नव्हतं, हे सर सांगत होते तेव्हा वर्ग शांत झाला होता.

टेलिपोर्टेशनला निपाणीची लेक फळ्यापाशी गेली. हात थरथरत होता, मला दिसत होतं. चार बेल अवस्था बरोबर लिहिल्या, गट बरोबर पाडले, चारही उत्तरं आली. मग सरांनी विचारलं, "चारही शक्यतांची बेरीज कर बघू." यायला हवी १, बेरीज आली ४. ती फळ्याकडे बघत उभी राहिली. कुणी मदत केली नाही, सरांनी हातानं सगळ्यांना गप्प राहायची खूण केली होती. दोन मिनिटं गेली असतील. मग ती वर गेली आणि ओळीच्या सुरुवातीला राहिलेला अर्धा लिहिला. अर्ध्याचा वर्ग पाव, चार पाव म्हणजे एक. ती वळून हसली.

त्यानंतर वाद झाला. मापन होताच लांबचा क्युबिट बदलतो, मग निरोप प्रकाशापेक्षा वेगानं गेला की नाही? जेवणभर हेच चाललं होतं. शेवटी निपाणीच्या लेकीनंच सांगितलं की चारातलं कुठलं उत्तर आलं हे फोन करून कळवलं नाही तर पलीकडच्याला काहीच करता येत नाही. दोन बिट पाठवावेच लागतात आणि ते प्रकाशाच्या वेगापुढे जात नाहीत.

ग्रोव्हरला तीन वाजले. दहा लाख नोंदींत एक शोधायला साधारण ७८५ पायऱ्या, हे संकेश्वरच्या दादांनी भूमितीनं दाखवलं, सदिश थोडा थोडा वळत जातो. क्वांटम यंत्र सगळी उत्तरं एकदम तपासतं असं आमच्यातले निम्मे धरून चालले होते. तसं असतं तर एका पायरीत झालं असतं. ७८५ कशाला लागतात, हा प्रश्न त्यांनी टाकला आणि तो अजून माझ्या डोक्यात फिरतोय.

तिसरं गणित राहिलं. साडेचार वाजले आणि बस होती.

उद्यमबाग | रविवार, रात्री ९.४०

वीस वर्षांनी फळ्यापाशी उभा राहिलो. पुढच्या वेळी डस्टर मी आणतो, शाळेचा झिजलाय.

भालकीकर | रविवार, रात्री १०.०५

इथे तिघं बसलो होतो. नो-क्लोनिंग झालं. टेलिपोर्टेशनला आम्हालाही बेरीज ४ आली होती, आत्ता हे वाचून चूक सापडली.

निपाणीची_लेक | सोमवार, रात्री १०.३०

बसमध्ये तिसरं गणित केलं, मोबाईलच्या उजेडात. जोडी ००+११, भागिले रूट दोन. दुसरा क्युबिट काढून टाकला. उरलेल्याचा मॅट्रिक्स: कर्णावर अर्धा-अर्धा, बाकी शून्य. म्हणजे एकट्याकडे बघितलं तर निव्वळ नाणेफेक. कुठल्याही चौकटीत मोजलं तरी अर्धं-अर्धंच येतं, तिरक्यातही करून बघितलं. सर, बरोबर आहे का?

टिळकवाडी_तिसरं_गेट | मंगळवार, सकाळी ६.१५

बरोबर. तिरक्यात करून बघितलंस, ते मी सांगितलं नव्हतं.

आता तीन जणांचं घे. एक अवस्था ०००+१११, तिला जीएचझेड म्हणतात. दुसरी ००१+०१०+१००, ती डब्ल्यू. दोन्हीत तिसरा माणूस आपला क्युबिट घेऊन उठून गेला असं समज. उरलेल्या दोघांत एन्टँगलमेंट राहतं का? दोन्ही मॅट्रिक्स काढ आणि मग सांग. कारवार आणि भालकीनंही करावं. पुढच्या चौथ्या रविवारी पहिलं तेच घेऊ.